गोदूबाईंचा अंगठा आणि मी

मी वेदिका वकीलबाईंच्या टेबलावरची शाईची डबी बोलतेय. हो, तीच, अंगठे निळे करणारी! रत्नागिरीत कोर्टाजवळ आमचं ऑफिस. माझं झाकण मोडलंय, रबरबँड लावून दिवस काढतेय. हल्ली जिकडेतिकडे अंगठ्याची मशिनं आली, मला विचारतो कोण? चार-चार दिवस कोरडी पडून असते. पण कान शाबूत आहेत हो माझे!

इतक्या वर्षांत एक शिकले. "तू नुसता अंगठा लाव, बाकी मी बघतो," असं म्हणणारा आला की सावध व्हायचं.

परवा असाच चिराग आला. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. सोबत जयगडची त्याची काकी, गोदूबाई. नवरा गेला, लेक मनस्वी मुंबईत. जन्मभर मासळी विकून बाईनं घर बांधलं, भोवती चौदा माड लावले. तेवढंच तिचं. पण बंदरामुळे त्या जागेला आता सोन्याचा भाव! 'लाइटबिल भरायला कागद करायचाय,' असं सांगून पुतण्यानं तिला मोटरसायकलवरून आणलेलं. कागदही त्यानंच टाइप करून आणला होता.

"लाव काकी अंगठा," माझं झाकण काढत तो म्हणाला.

अंगठा माझ्यावर टेकणार, तेवढ्यात थांबला. "आधी वाच गो बाय. मला अक्षर येत नाय, पण ऐकायला येतं."

"कशाला उगाच? लांबलचक आहे," चिराग घाईनं म्हणाला.

वकीलबाईंनी वाचलंच. कुलमुखत्यारपत्र! घर, जागा, माड, सगळं विकायचा नि गहाण ठेवायचा अधिकार चिरागला.

"अरे मेल्या, लाइटबिल भरायला घर विकायला लागतं?"

"तसं छापीलच असतं गं काकी. विश्वास नाय काय माझ्यावर?"

"हाय की! म्हणून तर सांगते, तू पण माझ्या नावान असाच कागद कर. चिपळूणचा तुझा फ्लॅट. मीच बघीन सगळं."

चिरागचा चेहरा... अहाहा! हसून मी सांडलेच असते, पण शाई कमी होती.

"बा... बायकोला विचारायला हवं."

"बरोबर. तुला विचारायला बायको हाय, मला विचारायला ही बाय हाय."

वकीलबाईंनी नवा कागद केला. चिरागनं लाइटबिल भरायचं, बस्स. त्या म्हणाल्या, "आणि हा कागद तुम्ही आहात तोवरच हां काकी. पुढे घर कुणाला, त्याचं मृत्युपत्र वेगळं."

"म्हणजे हा कागद माझ्यासंगती सरणावर चढणार? बरा हाय! मृत्युपत्र पण कर बाय, मनस्वीच्या नावान."

मग तिनं अंगठा टेकवला. मासळी साफ करून करून रेघा झिजलेल्या. मी जीव ओतला, तरी कागदावर ठसा पुसटच. तीनदा उठवावा लागला. शेवटी गोदूबाई उठली, "गुणाचा रे माझा पुतण्या!" म्हणत चिरागच्या पाठीवर तिनं प्रेमानं थाप मारली.

त्या पांढऱ्या शर्टावर मात्र ठसा कसा उठला म्हणता! रेघ न् रेघ स्पष्ट. तसाच तो गेला. अख्खं कोर्ट बघत होतं, त्यालाच काय ते ठाऊक नव्हतं.

तेव्हा बाबांनो, अंगठा लावण्याआधी कागद वाचा, नाहीतर कुणाकडून वाचून घ्या. लाजू नका. माझी शाई साबणानं जात नाही.