मत मागायची शिकवणी

परदेशीपुऱ्यात दिवे लागायच्या आधी एक वेळ अशी येते, की सगळी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी दिसते. हिरवट, हलकी. सायकलीसुद्धा तरंगत जातात. त्या वेळी रुपाली शितोळे जमिनीवरून चालायचीच नाही, कारण तिला गल्लीच्या टोकाचा बंद बगीचा उघडा दिसायचा! खरं तर त्याला कुलूप होतं आणि आत कुणाच्या तरी तंबूचे बांबू रचलेले. पण रुपालीला दिसायचे झोके. बाकांवर पाय वर घेऊन बसलेल्या बायका. एखादी मटार सोलतेय, आणि एखादी काहीही न करता नुसतीच बसलीय. काहीही न करता बसलेली बाई! हे तर स्वप्नातलंही स्वप्न.

तो बगीचा उघडायचा म्हणून तिला पार्षद, म्हणजे वॉर्डची नगरसेविका, व्हायचं होतं.

त्यासाठी ती शिकवणीला जायची. कस्तुरी मॅडम पुण्याहून इंदूरला आलेल्या, कॉलेजात शिकवायच्या, आणि संध्याकाळी धर्मशाळेच्या हॉलमध्ये वस्तीतल्या बायकांना निवडणूक लढवायला शिकवायच्या. अर्ज कसा भरायचा, माईक तोंडापासून किती लांब धरायचा, कोणी मध्येच "भाईसाब को बुलाओ" म्हटलं तर काय उत्तर द्यायचं. वॉर्डची सीट यंदा महिलांची होती. शिकवणीतली एकच बाई उभी राहणार, आणि ती कोण ते उद्या सगळ्याजणी मिळून ठरवणार होत्या. रुपाली, नाहीतर शिखा भाभी.

सगळं जमत होतं हो रुपालीला! फक्त एक सोडून. घरोघरी जायच्या सरावात ती नळाचं ऐकायची, गटाराचं ऐकायची, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचंही ऐकायची. पोहे खायची, वर जिरावणाचा मसाला मागून घ्यायची, आणि "चला, येते हं" म्हणून बाहेर. जिरावण मागता येत होतं, मत नाही.

"रुपालीताई, शेवटी मत मागितलंत का?" मॅडमनी विचारलं.

"समजलं असेल ना त्यांना, मॅडम."

"काय समजलं असेल? तुम्हाला पोहे आवडतात, एवढंच."

हॉल खदखदून हसला. शिखा भाभी सगळ्यात जोरात. "अरे, ये वोट मांगने नहीं, रिश्तेदारी निभाने जाती है!"

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "आज एकाकडे तरी मागा. ज्याच्याकडे मागणं सगळ्यात कठीण, त्याच्याकडे. नाही जमलं, तर उद्या मी स्वतःच शिखाताईंचं नाव सुचवणार."

सगळ्यात कठीण कोण, याचा विचारच करावा लागला नाही. ते घरी बसले होते, चहात टोस्ट बुडवत. सासरे जयसिंगराव, म्हणजे आबासाहेब. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते, आणि आबासाहेब मिलमधून रिटायर झाले तरी मनानं त्या घोड्यावरून काही उतरले नव्हते. "आपण लोकांना दिलंय. मागितलं नाही कधी." शेजारून विरजण आणायचीही चोरी! या घरात आल्यापासून रुपालीनं स्वतःसाठी पंख्याचा वेगसुद्धा वाढवून मागितला नव्हता.

अकरावीतली पलक दाराशी उभी राहून डोळ्यांनीच आईला "बोल ना, बोल ना" करत होती.

रुपालीच्या कानात समुद्र वाजायला लागला. समुद्र तिनं कधी पाहिलाही नव्हता. खोली लांबत गेली, लांबत गेली, आणि आबासाहेब एखाद्या टेकडीवर बसल्यासारखे इवलेसे दिसायला लागले.

"आबासाहेब," ती इतक्या लांबून म्हणाली, "मला पार्षदाला उभं राहायचंय. तुमचं मत मला द्याल?"

टोस्ट चहात बुडाला तो बुडालाच.

"मी घरातलाच ना? मला काय विचारायचं, सूनबाई?"

"घरातले म्हणून गृहीत नाही धरलं जी. मागतेय."

आबासाहेबांनी चमच्यानं टोस्ट शोधला. सापडला नाही. "नाही देणार," ते म्हणाले.

"आबा!" पलक किंचाळलीच.

"पलीकडच्या गल्लीतल्या यशवर्धनच्या बायकोला शब्द दिलाय मी. तीही उभी राहतेय."

"ती कधी आली होती?" रुपालीनं विचारलं.

"ती कशाला येईल? तोच आला होता."

"म्हणजे त्यानं मागितलं, ते चाललं तुम्हाला?"

"मागितलं म्हणून तर दिला शब्द!" आबासाहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो ते स्वतःच ऐकत बसले.

रुपालीला वाटलं होतं, आता जमीन फाटेल. पण नकार आला, समोर बसला, आणि काहीच झालं नाही. पंखा फिरत राहिला. उलट छातीवरचं कसलं तरी जुनं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

"बरं," ती म्हणाली, "मी परत विचारेन." आणि चपला घालून निघालीसुद्धा.

मग काय, सुटलीच ती! शेजारच्या काकूंकडे मत मागितलं. इस्त्रीवाल्याकडे मागितलं, तो म्हणाला "देखेंगे." भाजीवाला हात जोडून म्हणाला, "भाभीजी, मेरा वोट तो गौतमपुरा में है."

"तो क्या हुआ भिया, मन से दे दो!"

"आई, बस ना," मागून पलक म्हणत होती, पण थांबतेय कोण! दारं आपोआप उघडत होती, आतून पिवळा उजेड गल्लीत सांडत होता, आणि प्रत्येक उजेडात एक चेहरा. कोणी हो म्हणत होतं, कोणी नाही, आणि दोन्ही शब्द रुपालीला सारखेच मऊ लागत होते.

शेवटचं दार शिखा भाभीचं. तिनं उघडलं, हाताला कणीक तशीच.

"भाभी, कल मुझे वोट दोगी?"

"पागल है क्या? तेरे सामने मैं ही तो हूँ!"

"पता है. इसीलिए पूछ रही हूँ."

 शिखा भाभीनं "जा, जा घर" म्हणत दार लोटलं, पण आतून तिचं हसू ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मॅडमनी विचारलं, "रुपालीताईंसाठी कोण? हात वर करा."

पहिला हात वर गेला तो रुपालीचाच.

"खुद के लिए खुद ही?" शिखा भाभी ओरडली.

"हो जी," रुपाली म्हणाली. हात खाली नाही घेतला.

शिखा भाभीनं एका हातानं कपाळ बडवलं आणि दुसरा वर केला. मग खिडकीपाशी एक हात, पंख्याखाली एक, आणि मागच्या ओळीत तर बांगड्यांची अशी सर वाजली, की मॅडमना मोजता मोजता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.