सतरा नंबरची खुंटी

समुद्रात भराव घालून केलेल्या त्या बेटावर अकरा वर्षांत सगळं नकाशाबरहुकूम उभं राहिलं: रस्ते, शाळा, दवाखाना, घरांच्या रांगा. या साऱ्याचे फोटो दर महिन्याच्या एक तारखेला निघत, तेही ठरलेल्या चाळीस जागांवरून. प्रत्येक जागी नंबर घातलेली लोखंडी खुंटी. तिच्यावर कॅमेऱ्याची तिपाई बसवायची, तोच कोन धरून फोटो काढायचा आणि फोटोच्या मागच्या 'बदल' या रकान्यात काय बदललं ते लिहायचं. म्हणून फोटोग्राफरला सगळे खुंटीराव म्हणत. बायकोही म्हणे, पण फक्त रागात.

एकोणचाळीस खुंट्यांचं काम संपलं. घोडं अडलं सतरावीपाशी. तिच्यासमोर कामगारांच्या तात्पुरत्या खोल्या होत्या आणि नकाशात तिथे बाग होती. बाकीचे कधीच निघून गेले, खुंटीरावांची खोली तेवढी उरली. बागेचा फोटो दिल्याशिवाय त्यांना बेट सोडता येत नव्हतं, आणि त्यांनी खोली सोडल्याशिवाय बाग होत नव्हती. नवी घरं विकलेली, आणि फोटोग्राफरने बेटावरच राहायचं असा नियम. दुसरी खोली मागितली की कामावरचे साहेब दर वेळी "बघतो" म्हणत, आणि ते बघणं काही संपत नव्हतं.

धोंडा त्यांनी स्वतःच पायावर पाडून घेतला होता. खुंट्या ठोकताना लग्न नवीन होतं. खिडकीतली बायको फोटोत यावी म्हणून सतरावी त्यांनी मुद्दाम खोलीसमोर घेतली. पहिल्या फोटोत ती ओले केस पुसत हसते आहे. पुढे दर एक तारखेला ती न चुकता खिडकीत यायची. हसणं मात्र हळूहळू कमी झालं.

"नोकरी सोडा. बहिणीकडे जाऊ, पाय टेकायला तिथे जागा आहे," ती एका सकाळी म्हणाली.

"एवढं एकच राहिलंय गं. आता अर्धवट टाकू?"

"अहो, तुमच्या फोटोंत माझे केस पांढरे झाले. रकान्यात लिहिलंत कधी?"

"रकाना बांधकामाचा आहे."

"मग मला कशाला बांधून ठेवलंय, खुंटीराव?"

तीन दिवसांनी ती पिशवी भरून सकाळच्या लाँचने गेली. तिने "या" म्हटलं, ते धक्क्यावर उभे राहिले. पाय उचललाच नाही, आणि लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक तारखेच्या फोटोत खिडकी बंद आली. साहेबांनी फोटो उलटा केला.

"रकाना कोरा का?"

"बायको गेली, साहेब."

"वाईट झालं. पण ते काही बांधकाम नाही. 'बदल नाही' लिहा."

खुंटीरावांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

खोलीवर येऊन त्यांनी खिडकी उघडली आणि ती उभी राहायची तिथे उभे राहिले. तिला इथून काय दिसायचं, ते अकरा वर्षांत त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. समोर जमिनीत ठोकलेली खुंटी होती, बाकी काही नव्हतं.