काचेची बाहेरची बाजू

सकाळचे ऊन नेहमीसारखेच, कसलीही घाई न करता आले. आधी ते झाडांच्या शेंड्यांवर टेकले, मग फांद्याफांद्यांनी उतरत कुंपणापाशी रेंगाळले आणि अखेरीस नव्या वाचनालयाच्या काचेच्या मार्गिकेवर पसरले. त्या क्षणी काच नाहीशी झाली. उरली फक्त झाडे; अलीकडे खरी, पलीकडे तितकीच हिरवी, तितकीच हलणारी. त्यांतली कोणती खरी, हे पाखराने कसे ओळखावे?

या मार्गिकेचा नकाशा काढणारा तरुण आरेखक शिडीवर उभा राहून, पाखरांना काच कळावी म्हणून, साबणाच्या वडीने काचेवर बाहेरून ठिपके काढत होता. दोन ठिपक्यांत तीन बोटांचे अंतर.

"आज दोन पाखरं," झाडूवाल्या मावशींनी केरभरणी पुढे केली. "अजून ऊब आहे रे अंगात."

"साहेबांमुळे, मावशी. मी दाट ठिपके मागितले होते, त्यांनी विरळ चिकटवले."

तेवढ्यात साहेबच आले. "अरे, अकरा वाजता उद्घाटन! काचेला देवी आल्यासारखं काय करून ठेवलंयस? उतर खाली!"

कचेरीत खिडकी उघडू का, हे विचारायलाही तो मनात तीनदा वाक्य जुळवी. आज जुळवावे लागले नाही.

"नाही उतरणार."

"नोकरी जड झालीय?"

"ठेवा नाहीतर काढा. ठिपके राहतील."

"मावशी, पुसा हो ते!"

"माझा हात धरलाय, साहेब," मावशी म्हणाल्या आणि त्याच हाताने त्यांनी शिडी घट्ट धरली.

साहेब तणतणत आत गेले. "आंधळ्या, ठिपके आहेत की इथे! तुझ्याच नकाशाप्रमाणे!" आतून काच ठकठक वाजली.

तो वाकून पाहू लागला. आवाज अगदी नाकासमोर होता. पण ना साहेबांचे बोट दिसले, ना एकही ठिपका. दिसली ती झाडे, आभाळ आणि साबण धरलेला स्वतःचा हात. प्रतिबिंबाने आतले सारे गिळले होते. दाट असते, तरी गिळलेच असते.

त्याने पुढचा ठिपका काढला. मग त्याच्या शेजारचा.

पावसाने निघू नयेत म्हणून ठिपके आतल्या बाजूला घ्यायचे, हे त्यानेच ठरवले होते.