हात सोडू नका, मामा

बॅटरी पहिली.

चार मिनिटं चालते. सुजितला अकरा सेकंद पुरली.

तळहातावर मावेल एवढं ड्रोन, भाच्याचं. जयदीपने त्यातली तोल सावरणारी यंत्रणा मुद्दाम बंद केली होती. "ती चालू असली की ड्रोन आपोआप सरळ होतं, मामा. मग उडवणारं तेच, तुम्ही नुसते बघे."

सुजितला ते पटलं. चाकणच्या कारखान्यात एकोणीस वर्षं तो पत्रा दाबायच्या प्रेसवर बटणं दाबत होता. देहूच्या अलीकडे, इंद्रायणीकाठच्या पडीक रानातला रविवारचा हा तास तेवढा त्याचा स्वतःचा.

ड्रोन उजवीकडे कललं. समोर बाभूळ. सुजितने रिमोटच्या दोन्ही दांड्यांवरून अंगठे उचलले. ड्रोन कललेलंच राहिलं आणि तसंच घसरत काट्यांत घुसलं.

बॅटरी दुसरी. बाभूळ.

बॅटरी तिसरी. ढेकळं.

बॅटरी चौथी. जयदीपची पाठ.

"आई गं! मामा, हात का सोडता?"

"घाबरलो की सुटतात रे."

"हात सोडून हे थांबत नाही. कललंय तसंच जात राहतं. उलट्या बाजूला दांडी द्यायची. पण हात सोडू नका!"

मग सुजितने त्याला प्रेस समजावली. दोन बटणं, दोन तळवे. दाबून धरली तोवर वरचा साचा खाली येतो. सोडली की जागच्या जागी थांबतो. पलीकडे खंडू असतो, पत्रा ओढून घ्यायला. त्याच्या बाजूलाही बटणं होती, ती बिघडली ती बिघडलीच. त्याचा हात आत दिसला की सुजितने सोडायचं. विचार करायचा नाही.

"भारीच सवय," जयदीप म्हणाला. "इथे मोडावी लागेल."

बॅटरी कितवी, कोण जाणे. पाचवा रविवार.

ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दाखवणाऱ्या डोळ्यांवरच्या चष्म्यात नदी वर आली, आभाळ खाली गेलं. तो घाबरला. अंगठे उचलले नाहीत. उजवीकडे पडत होतं, त्याने डावीकडे दाब दिला, आणि नदी पुन्हा नदीच्या जागी आली.

"मामा! जमलं!"

सोमवार. पहिली शिफ्ट.

पत्रा अडकला. खंडूने नेहमीसारखा हात आत घातला. सुजितला तो दिसला. अगदी स्वच्छ दिसला.

हात सुटले नाहीत.

उलट डाव्या तळव्याने जास्तच जोर दिला.

मग सुटले.

साच्याखाली हातमोज्याचं टोक चपटं झालं होतं. बोट त्यातून कसंबसं निसटलं होतं.

"काय राव, डुलकी लागली व्हय?" खंडू हसला. चेहरा पांढरा पडला होता.

सुजित सुपरवायझरकडे गेला. "अर्जुनराव, मला प्रेसवरून काढा."

"बरं वाटत नाही का?"

"हात सुटत नाहीत वेळेवर."

"वय झालं म्हणायचं!" अर्जुनराव हसले, मग घड्याळाकडे बघितलं. "आत्ता माणूस कुठून आणू? जेवणापर्यंत काढ. मग बघू."

सुजित परत येऊन प्रेससमोरच्या फळीवर उभा राहिला. ड्रोन आज संध्याकाळी जयदीपला देऊन टाकू, असं त्याने ठरवलं. पण त्याने काय होणार? एकोणीस वर्षांत अंगात मुरलेलं पाच रविवारांत गेलं होतं. ते परत कधी येईल, आलं तर कसं कळेल? कळायला खंडूचा हात आत जावा लागेल.

खंडूने नवा हातमोजा चढवला. पत्रा बसवला.

"दाब."

सुजितने तळवे बटणांवर ठेवले. उचलले.

"आरं दाब की! माल तुंबलाय."

"नाही दाबत."

"बोटं माजी हायत ना? मी म्हणतोय ना दाब?"

"म्हणूनच."

"नखरं करू नगंस, भावा. दोघांचं बी काम जाईल."

"जाईल," सुजित म्हणाला.

तो फळीवरून खाली उतरला. शेजारची प्रेस चालूच होती. खंडू मागून आईवरून शिव्या देत होता, आणि तिकडून अर्जुनराव तरातरा येत होते.