एकच पत्ता

सहदेव तक्त्यावरून बोट फिरवत होता. सतराव्या ओळीवर ते थांबलं. वजनकाट्याचा कॉम्प्युटर आणि वायुगळतीचा अलार्म, दोन्हींना नेटवर्कचा एकच पत्ता दिलेला. म्हणजे ऐनवेळी त्यातलं एक मुकं होणार.

"बरोबर आहे ना, सर?" दीप्तीने विचारलं.

"ठीक वाटतंय," म्हणत त्याने कागद परत केला.

कोलशेतच्या या कारखान्यातली पहिली केबल एकोणीस वर्षांपूर्वी सहदेवने स्वतः ओढली होती. आता रविवारी नवं नेटवर्क सॉफ्टवेअर बसणार होतं. त्याआधी कुठला सर्व्हर कुठे, कुठल्या मशिनला कुठला पत्ता, हे ठरवायचं काम मितेश साहेबांनी आठ महिन्यांपूर्वी आलेल्या दीप्तीला दिलं. वर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्यासारखी शिस्त शिका जरा." तेव्हापासून सहदेवला डबा गोड लागत नव्हता.

दुपारच्या मीटिंगमध्ये त्याने शांतपणे खुर्ची पुढे सरकवली.

"साहेब, सतरावी ओळ बघा."

साहेबांनी बघितली, आणि त्यांचा आवाज चढला. "अलार्मच बंद राहिला असता, दीप्ती! खाली माणसं काम करतात!"

दीप्तीने फाइल उघडली, एका पानावर क्षणभर थबकली आणि ती मिटून टाकली.

"माझं चुकलं, सर. मी जागेवर जाऊन तपासायला हवं होतं."

"राहू दे. पुढचं सहदेव बघतील."

कितीतरी दिवसांनी सहदेव ऐटीत चहा प्यायला. मग फाइल घ्यायला तिच्या टेबलाशी गेला. तिने ती पुढे केली. आत मशिनचे पत्ते लिहिलेल्या त्याच्याच जुन्या वहीच्या झेरॉक्स होत्या. त्याचंच वळणदार अक्षर, खाली त्याचीच सही. अलार्मचा पत्ता त्याने मागेच बदलला होता, जुना वजनकाट्याला दिला होता. वहीत मात्र अलार्मपुढचा आकडा बदलायचा राहून गेला होता. दीप्तीने जसंच्या तसं उतरवलं होतं.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला चारचौघांत कशाला..." एवढंच म्हणून ती स्क्रीनकडे वळली.

सहदेव ते पान घेऊन साहेबांच्या केबिनपर्यंत गेला, पाणी प्यायच्या निमित्ताने परत फिरला, पुन्हा गेला.

"या, सहदेव. काय झालं?"

त्याने पान टेबलावर ठेवलं. सहीवरचा हात मात्र बराच वेळ उचलता येईना.