नरकातली जागा

ग्लाफिराने अंड्याच्या बलकात रंग कालवला आणि बारीक कुंचल्याने चित्रातल्या पाप्याच्या डाव्या गालावर चामखीळ काढली. चेहरा पुरा झाला. प्स्कोव शहरातल्या कुणीही ओळखावा इतका हुबेहूब : वालेरियान साव्विच, तिचे गुरू.

पाडलेल्या इमारतींची दारं आणून त्यांवर ती जुन्या देवचित्रांच्या पद्धतीने चित्रं काढायची. तिच्या संतांच्या अंगात कामगारांची जाकिटं असत. ही पद्धत तिला वालेरियान साव्विचनीच शिकवली होती, आणि नऊ वर्षांपूर्वी ही चित्रं म्हणजे धर्माची विटंबना आहे, असा अभिप्राय लिहून खाली सहीही त्यांनीच केली होती. प्रदर्शन बंद पडलं. जप्त झालेली चित्रं परत आली ती संतांचे डोळे खरवडलेली. ती जाब विचारायला गेली, तर गुरुजींनी दार उघडलं नाही.

आता पाच दारांवरचा तिचा ‘अंतिम निवाडा’ पिठाच्या जुन्या गिरणीतल्या चित्रदालनात लागला. गुरुजी नरकाच्या ज्वाळांत होते, हातात लेखणी. ते चवताळून येतील, वर्तमानपत्रात लिहितील, म्हणून ती महिनाभर वाट पाहत राहिली. काहीच घडलं नाही. मग दालनाची राखण करणाऱ्या रायसाने सांगितलं, की एक म्हातारबुवा रोज अकराला येतात, त्या चित्रापुढे तासभर बसतात आणि भेटेल त्याला हाताला धरून ते दाखवतात.

दुसऱ्या दिवशी ग्लाफिरा गेली. ते बसलेच होते. कोट ढगळ झाला होता. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“मीच ना गं हा, ग्लाशा?”

“तुम्हीच.”

“माझी बायको गेली, वेरा. इतकी वर्षं शिकवलं त्या संस्थेत आता दारावरचा माणूससुद्धा नाव विचारतो मला. तू मात्र काही विसरली नाहीस. चामखिळीसकट काढलंस. नरकात का असेना, इथंच राहू दे मला.”

त्या सहीबद्दल ते बोलतील म्हणून ती थांबली. ते चित्राकडेच बघत राहिले.

तिने त्यांना दारापर्यंत पोहोचवलं, कोटाचं वरचं बटण लावून दिलं. परत येऊन तिने रायसाकडून शिडी मागून घेतली आणि पातळ सुरीने तो चेहरा आणि लेखणीसकट सगळी आकृती खरवडायला घेतली. वाळलेला रंग चिवट होता, दुपार गेली. पांढऱ्या अस्तरावर तिने शेंदरी ज्वाळा चढवल्या. आधी तिथे कुणी होतं, अशी शंकाही येऊ नये इतक्या सफाईने.

सकाळी ती लवकर येऊन दाराजवळच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. अकराला ते आले. आज बरोबर शेजारच्या बाईंना आणलं होतं. त्यांनी चित्राकडे बोट केलं, मग बोट तसंच राहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. एकेक पापी निरखत ते डावीकडून उजवीकडे गेले, तसेच मागे आले.

“इथंच होतो मी,” ते म्हणाले.

“हो, हो,” बाई समजुतीने म्हणाल्या आणि त्यांच्या दंडाला हात दिला. “चला, वालेरियान साव्विच. घरी जाऊन चहा घेऊ.”

जाताना त्यांनी दोनदा वळून भिंतीकडे बघितलं. ग्लाफिरा हाताच्या अंतरावर होती. तिने मान वर केली नाही. नखात अडकलेला शेंदरी रंग ती काढत बसली.