वरच्या पट्टीतला दादा

तिघा भावंडांतल्या मधलीला फोटो काढायची सवय होती, पण तिच्या फोटोंत कोणी हसत नसे. बत्तीस वर्षं ती एका दवाखान्यात एक्स-रे काढत होती. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," एवढंच ती दिवसभर माणसांशी बोलायची. माझी बरगडी चांगली आली नाही, परत काढा, असा हट्ट आजवर तिच्याकडे कोणी धरला नव्हता. त्यामुळे आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा व्हिडिओ मीच घरी बसून नीट करते, असं ती बोलून गेली तेव्हा आपण कशात पाय अडकवतोय याची तिला कल्पना नव्हती.

वाढदिवस घरीच झाला होता. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर आई, समोर टेबलावर केक, शेजारची दहा-बारा माणसं, थोरली वहिनी, आणि पाण्याच्या पेल्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये परदेशातला धाकटा. मधलीने आपला फोन समोर स्टँडवर लावून दिला होता. पुढचा तासभर त्याने जे दिसलं ते टिपलं.

थोरला आला नव्हता. दिवस ठरवताना मला कोणी विचारलं नाही, म्हणून तो फुगून बसला होता. तो दिवस ऐंशी वर्षांपूर्वीच ठरला होता, हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. विमा कार्यालयात शाखाप्रमुख म्हणून त्याने इतकी वर्षं काढली होती, की आपल्या सहीशिवाय काही घडू शकतं हे निवृत्त झाल्यावरही त्याच्या पचनी पडलं नव्हतं.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला.

"व्हिडिओ झाला का?"

"होतोय. नको ते कापतेय."

"त्यात मी असायला हवा."

"दादा, तू आला नव्हतास."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. सगळ्या नातेवाइकांना कळायची काय गरज? थोरला मुलगाच नाही म्हटल्यावर लोक आईला नावं ठेवतील."

आईला नावं का ठेवतील हे मधलीला कळलं नाही, पण दादाशी वाद घालायला लागणारी ताकद तिने कधीच संपवली होती. "फोटो पाठव," ती म्हणाली.

फोटो आला. तो चोवीस वर्षांपूर्वीचा होता. ऑफिसच्या कपाटासमोर हात मागे बांधून उभा असलेला दादा. केस काळे आणि जिथल्या तिथे.

मधलीच्या कॉम्प्युटरवर एक साधं, फुकटातलं सॉफ्टवेअर होतं. त्यात खाली एक आडवी पट्टी, ती व्हिडिओची. तिच्यावर दुसरी पट्टी. व्हिडिओवर जे काही चिकटवायचं ते या वरच्या पट्टीत सोडायचं. तिने दादाला सोडलं. पडदाभर दादा झाला आणि आई, केक, शेजारी सगळे पाच सेकंद नाहीसे झाले. मग कोपरा धरून त्याला लहान करायचं असतं हे तिला सापडलं. मागचं कपाट माउसने खोडून काढण्यात तिच्या दोन संध्याकाळी गेल्या. कपाटाबरोबर दादाचा डावा कानही गेला.

उभं कुठे करायचं हा पुढचा प्रश्न. आईच्या खुर्चीमागे उजवीकडे घराचं दार होतं. तिथे कोणी उभं नव्हतं, जागा मोकळी होती. फोन स्टँडवर असल्यामुळे चित्रही हलत नव्हतं. मधलीने दादाला दारावर बसवलं आणि फोटोची कड ओढत ओढत पाच सेकंदांचा दादा अकरा मिनिटांचा केला.

एकच अडचण होती. शेजारीण पुष्पगुच्छ घेऊन आली की दादाच्या मागे जाऊन गडप व्हायची आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची. खरं तर ती त्याच्या पुढून जायला हवी होती. पण वरच्या पट्टीतलं कायम वरच राहतं, असा त्या सॉफ्टवेअरचा नियम होता. थोरल्याला तो नियम ऐकताक्षणी पटला.

"बरोबरच आहे," तो म्हणाला. "फक्त मी जरा बारका दिसतोय. आणि कान कुठे गेला?"

मधलीने त्याला मोठं केलं. डोकं छताच्या पंख्याला लागलं. कानाचं मात्र काही करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. तिने खुर्ची ओढली आणि व्हिडिओ पाहिला.

"यांच्या शेजारी मी कोण दिसते, सांग बरं."

"वहिनी, तुम्ही छान दिसताय."

"यांची आई दिसते. एका घरात दोन आया झाल्या." तिने पर्समधून पाकीट काढलं. त्यात तिचाही फोटो होता, दादाच्या फोटोच्याच वर्षातला.

मधलीने तोही आणखी एका वरच्या पट्टीत लावला. आता पंचाईत झाली अशी, की खरी वहिनी घरभर केक वाटत फिरत होती आणि फोटोतली वहिनी जागची हलत नव्हती. मधूनमधून तरुण वहिनीच्या मागून थकलेली वहिनी बशा घेऊन बाहेर यायची आणि परत तिच्यात शिरायची. वहिनीला ते चालणार होतं. "लोक चेहरा बघतात, बशा कोण बघतं," ती म्हणाली.

हे धाकट्याच्या कानावर गेलं. कोणी घातलं ते मधलीने विचारलं नाही.

"ताई, मी निदान फोनवर हजर तरी होतो," तो म्हणाला. "जो आलाच नाही तो पंख्याएवढा आणि मी पेल्याएवढा?"

"वरच्या पट्ट्या संपल्या रे. दोनच मिळतात."

"काहीतरी कर."

मधलीने शोधून काढलं. झालेला व्हिडिओ एकदा पक्का करून साठवायचा आणि तोच पुन्हा खालच्या पट्टीत टाकायचा, की वर नव्याने जागा मिळते. धाकट्याचा सुटाबुटातला फोटो डाव्या कोपऱ्यात बसला. त्याखाली केक गेला. आईचा चेहरा आणि सुरी धरलेला एक हात तेवढा उरला. ती सुरी आता धाकट्याच्या कोटाचं बटण कापत होती.

रविवारी दुपारी सगळे आईकडे जमले. मधलीने कॉम्प्युटर वायरने टीव्हीला जोडला. थोरला मधोमध बसला. वाढदिवसानंतर तो पहिल्यांदाच या घरात आला होता आणि आल्यापासून टीव्हीच्या आवाजाबद्दल सूचना देत होता. आईने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

व्हिडिओ सुरू झाला. थोरला स्वतःकडे बघत होता, वहिनी स्वतःकडे बघत होती, आणि फोनमधून धाकटा विचारत होता, "मी आलो का? मी आलो का?" आई अकरा मिनिटं बघत राहिली.

व्हिडिओ संपल्यावर ती थोरल्याकडे वळली.

"एवढा वेळ माझ्या मागे उभा होतास?"

थोरल्याने घसा साफ केला.

"ऐंशी वर्षांची झाले मी त्या दिवशी," आई शांतपणे म्हणाली. "सगळे जवळ येऊन बोलून गेले. ती शेजारीण बोलली. धाकटा तिकडून बोलला. तू हात मागे बांधून अकरा मिनिटं उभा राहिलास आणि एका शब्दाने बोलला नाहीस? माझं काय चुकलं होतं?"

आईला खरंच कळलेलं नाही, का ती मुद्दाम तसं बोलतेय, हे मधलीला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. थोरल्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"आई, तसं नाही ते," तो म्हणाला.

"मग कसं?"

"मी..." त्याने चष्मा काढला. "मी आलोच नव्हतो."

"माहीत आहे," आई म्हणाली. "मी तिथेच होते ना." आणि मधलीकडे वळून, "ही सगळी चिकटवाचिकटव काढ. जसं झालं तसं दाखव."

मधलीने मूळ व्हिडिओ लावला. पंख्याखालून दादा गेला, कोपऱ्यातून सूट गेला. केक परत आला. वहिनी घामेजलेल्या चेहऱ्याने बशा वाटत होती आणि हसत होती. दादाच्या जागी दार आलं.

तेव्हा ते सगळ्यांना दिसलं. बेल वाजली की आईची मान दाराकडे वळत होती. कोणी शेजारी आत यायचा, ती हसायची, पुढे वळायची. बेल वाजली नाही तरी थोड्या वेळाने ती वळून बघायची. केक कापतानाही सुरी हातात धरून तिने एकदा मागे पाहिलं. मधलीने ही अकरा मिनिटं पंधरा दिवस पाहिली होती, पण दादा नीट बसवण्याच्या नादात आई कुठे बघतेय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

थोरल्याने आवाजाबद्दल आणखी काही सांगितलं नाही. व्हिडिओ अर्ध्यात असतानाच तो उठला, कोपऱ्यातलं स्टूल आईच्या खुर्चीला लावलं आणि तिथे बसला. त्याचा डावा कान लाल झाला होता.

"चहा घेशील?" आईने विचारलं.

"तू बस. मी करतो," तो म्हणाला. साखर कुठे ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं, पण ते त्याने मान्य केलं आणि विचारलं.

चहा पिऊन झाल्यावर तो मधलीला हळूच म्हणाला, "तो माझा व्हिडिओ पुसून टाक. कोणी बघायला नको."

मधलीने त्याच्यासमोरच पुसून टाकला. तेवढ्यात वहिनीने पर्समधलं शोधणं थांबवलं.

"अहो, हिने काल मला पाठवला होता, तो मी सकाळीच सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला," ती म्हणाली.

थोरल्याने फोन उघडला. एकोणचाळीस जणांचे अंगठे आले होते. दूरच्या मावशीने लिहिलं होतं, की थोरल्याने तब्येत काय राखली आहे. एका आतेभावाने तर मोठा मजकूरच पाठवला होता: दादा पूर्वी कार्यक्रमात कोणाला बोलू देत नसे, आता मात्र किती शांत झाला आहे, निवृत्ती त्याला मानवली.

थोरल्याने ते दोनदा वाचलं. उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी त्याने नुसतंच 'आभारी आहे' लिहिलं आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला.